फिफ्थ व्हील सोडवताना हिचचं हँडल हलतच नाही, काय चुकतंय?

खडखडगाडी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण त्यापायी परवा माझा उजवा खांदा आणि चारचौघांतली अब्रू दोन्ही गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक वापरलेला फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीवर) टेकतं असा राहता ट्रेलर. ३२ फुटी, दोन ॲक्सलचा, सामान भरून १२,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेपाच टनांना थोडा कमी. ओढायला 'एक-टनी' म्हणतात त्या वर्गातला पिकअप, हौदा साडेसहा फुटी. आतापर्यंत चारदा बाहेर पडलो. पहिल्या तिन्ही वेळा सोडवताना हँडल ओढलं की ट्रेलरला धरून ठेवणारा हिचचा जबडा उघडायचा, ट्रक पुढे घ्यायचो, संपलं. मला वाटायला लागलं की आपल्याला जमलं.

चौथ्या वेळी मिळालेली जागा मागच्या बाजूला उतरती होती. फार नाही, चेंडू ठेवला असता तर विचार करत करत मागे गेला असता इतकीच. दिवसभर पाऊस पडून गेलेला, वर बारीक खडी आणि तिच्याखाली चिखल. मी उलटा घेत आत घातला, बायको मागे उभी राहून हात करत होती. ती "बास" म्हणाली तिथे थांबलो, पार्कमध्ये टाकलं, उतरलो. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावले, ट्रकचा फाळका पाडला, ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडले आणि हिचचं हँडल ओढलं. ढिम्म.

दोन्ही हातांनी ओढलं. ट्रकच्या चाकाला पाय लावून ओढलं. शेजारच्या जागेवर एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते, ते आता खुर्चीसकट जवळ आले. म्हणाले, "रिव्हर्स टाका, जरा मागे घ्या." घेतला. ट्रक मागे सरकल्याचं जाणवलं, उतरलो, ओढलं, पुन्हा ढिम्म. आणखी एकदा तसंच. तिसऱ्या खेपेला मी सगळं अंग मागे टाकून ओढत असताना "खाड्" करून हँडल इतक्या झटक्यात बाहेर आलं की हौद्याच्या कडेवर कोपर आपटलं. आजोबांनी टाळी वाजवली.

एवढ्यावर भागलं नाही. ट्रक पुढे काढला तशी हिचची तबकडी, जिच्यावर ट्रेलर टेकतो ती, ट्रेलरच्या नाकाखालच्या पत्र्याला घासत घासत निघाली आणि शेवटी ट्रेलरचं नाक "धप्प" करून दोन बोटं खाली बसलं. आत कपाटातल्या सगळ्या बशा एकदम बोलल्या. बघितलं तर उजवा पाय खडीत रुतलेला.

तर माझे प्रश्न असे. हँडल नेमकं कशाने अडकतं? रिव्हर्सचा उपाय पहिल्या दोन वेळा का लागू पडला नाही? आणि पुढचे पाय किती खाली सोडायचे, म्हणजे नेमकं काय बघून थांबायचं? माहितीपुस्तिकेत या सगळ्याला तीन ओळी दिल्यात आणि चौथी ओळ "काळजी घ्या" अशी आहे.

जाता जाता एक शंका. ट्रकला चार चाकं, ट्रेलरलाही चार. मग हे पाचवं चाक आहे कुठे?

ठोकपीट

एवढा विचार कशाला करता राव. हौद्यात एक रबरी हातोडा टाकून ठेवा. हँडल अडलं की मुळाशी दोन ठोके, काम फत्ते. मी सहा वर्षं हेच करतोय.

चाकांवरचंघर

दादा, तुमच्या हँडलला काहीही झालेलं नाही. ते तुमचं ऐकत नव्हतं कारण त्याच्यावर तुमचा अख्खा ट्रेलर लटकत होता.

मी गेली नऊ वर्षं एकटीच ओढते, एकटीच जोडते-सोडते, त्यामुळे ताकदीचा मार्ग माझ्याकडे पहिल्यापासून नव्हताच. कधी फाळका पाडून हौद्यात चढा आणि मोकळ्या हिचकडे नीट बघा. तबकडीला मागच्या बाजूने खाच आहे. ट्रेलरच्या नाकाखालची पिन त्या खाचेतून आत येते आणि जबडा तिच्या मागून मिटतो. म्हणजे ट्रक पुढे ओढतो तेव्हा सगळी ओढ त्या जबड्यावर येते. चालताना तेच हवं असतं. पण सोडवतानाही ती ओढ तशीच राहिली, तर जबडा पिन आणि स्वतःचा खिळा यांच्यात चेपलेला असतो. हँडल म्हणजे त्या जबड्याची नुसती कडी. दाराला आतून कोणी पाठ लावून उभं असेल तर कडी निघते का?

आता तुमची जागा मागे उतरती. ट्रेलरला मागे जायचंय, आणि त्याला धरून ठेवलंय ट्रकने, त्याच जबड्याने. "पण मी ठोकळे लावले होते," असं म्हणाल. लावले होते, पण चाकाला घट्ट भिडवले होते का? बहुतेक जण पायाने सारून देतात आणि बोटभर फट राहते. ती फट राहिली की ठोकळा फक्त शोभेला. तुमचा रिव्हर्स दोनदा फुकट गेला तो यामुळेच. तुम्ही ट्रक दोन बोटं मागे नेलात, ट्रेलरही खुशीने दोन बोटं मागे गेला. ओढ जिथल्या तिथे. तिसऱ्या वेळी ट्रेलर ठोकळ्यावर जाऊन टेकला, त्याला मागे जायला जागा उरली नाही, ट्रक मात्र आणखी जरासा मागे आला, पिन खाचेच्या पुढच्या भिंतीला लागली आणि जबडा मोकळा झाला. नेमके तेव्हा तुम्ही सगळं वजन टाकून लोंबकळत होतात, म्हणून कोपर.

मी करते ते सांगते. ट्रक आणि ट्रेलर शक्यतो एका रेषेत ठेवते. डावीकडे-उजवीकडे तिरपं असेल तर जोडलेलं असतानाच एका बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवून समतल करून घेते, कारण ते नंतर करता येत नाही. पुढे-मागे समतल सोडल्यावर पायांनी होतं, त्याची घाई नाही. मग ठोकळे. उताराच्या बाजूचे आधी, हाताने दाबून, आणि मग दुसऱ्या बाजूचेही. नुसतं एका बाजूला लावून भागत नाही, पुढे सांगते का ते.

त्यानंतर ट्रकमध्ये बसते, रिव्हर्स टाकते, ब्रेकवरचा पाय हळूच सैल करते. ट्रक ठोकळ्यांवर रेलल्याचं पाठीला कळतं, एक बारीकसा "टक्" येतो. तो आला की पाय पुन्हा ब्रेकवर, तसाच दाबून हँडब्रेक लावायचा, गिअर न्यूट्रलला आणून पाय सोडून बघायचा, ट्रक हलत नाही ना, आणि मगच पार्क. तुम्ही थेट पार्क टाकून उतरलात तर ट्रक थोडासा घरंगळून गिअरबॉक्सच्या खुंटीवर जाऊन बसतो आणि मिळवलेली मोकळीक गमावतो. हँडब्रेक आधी, पार्क नंतर. एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

आता पाय. "जमिनीला टेकेपर्यंत" हे अर्धं उत्तर आहे. टेकल्यावर पुढे जायचं. तुमच्या १२,००० पौंडांपैकी साधारण पाचवा हिस्सा पिनवर असतो, म्हणजे २,४०० पौंड, हजार किलोंच्या वर. ते वजन तुमच्या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगांवर बसलेलं आहे आणि ते पायांवर घ्यायचंय. मी ट्रकच्या मागच्या चाकाकडे बघत बटण दाबते. टायर आणि वरच्या कमानीतलं अंतर वाढायला लागतं. ट्रक उठतोय म्हणजे वजन पायांवर जातंय. तबकडी आणि ट्रेलरचा पत्रा एकमेकांना नुसते लागून आहेत, दाबून नाहीत, इथे थांबायचं.

पण अति करू नका. पिनची मान २ इंच जाडीची आणि तिच्या खाली रुंद कॉलर. जबडा मानेत बसतो. तुम्ही ट्रेलर आणखी उचललात तर ती कॉलर जबड्याला खालून उचलायला लागते आणि हँडल पुन्हा अडकतं, या वेळी उलट्या कारणाने. वाकून बघितल्यावर तबकडी आणि पत्रा यांच्यात उजेडाची जाड रेघ दिसली तर एकदोन बोटं खाली घ्या.

आणि पावसात खडीवर पाय कधीही नुसते ठेवायचे नाहीत. खाली जाड फळ्या. उसळी मारून तबकडी घासली आणि धप्प झालं ते सगळं या दोन गोष्टींचं: वजन अर्धं ट्रकवरच राहिलेलं, आणि पायाखालची जमीन पोकळ.

हँडल ओढण्यापूर्वी फाळका पडलेला आहे ना ते बघा, ट्रकमधून ट्रेलरला वीज देणारी ७-पिनची वायर काढा, ब्रेकअवेची केबल (ट्रेलर निसटला तर त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकपासून सोडवा. वायर मी मुद्दाम पाय उतरवून झाल्यावर काढते. इंजिन चालू असेल तर त्या वायरीतून ट्रेलरच्या बॅटरीला थोडी वीज मिळत असते आणि पायांची मोटर बरीच खाते.

खडखडगाडी

ताई, तुम्ही दाराच्या कडीचं उदाहरण दिलंत आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठोकळे मी पायानेच सारले होते, हे कबूल. कोणी बघत होतं का काय?

दोन उपप्रश्न. उतार पुढच्या बाजूला असेल तर? म्हणजे ट्रेलर ट्रकवर रेलतोय. तेव्हा सगळं आपोआप मोकळं असायला हवं ना? आणि आमच्या ट्रकला मागे स्प्रिंगांच्या जोडीला एअर बॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, आहेत, त्यांचा यात काही संबंध?

चाकांवरचंघर

पुढे उतार असेल तर हँडल लोण्यासारखं निघतं, आणि तिथेच फसगत होते. जबडा उघडला की ट्रेलरला अडवणारं काहीच उरत नाही, तो ट्रकच्या मागोमाग येतो. माझ्या एका ओळखीच्यांचा आला होता, हातभरच आला, पण पाय फळ्यांवरून घसरले आणि दोन्ही वाकले. म्हणून ठोकळे दोन्ही बाजूंनी. दोन ॲक्सलच्या मधल्या टायरांमध्ये ताणून बसवायचे स्क्रूचे ठोकळे मिळतात, ते जरूर लावा, पण ते जमिनीवरच्या ठोकळ्यांऐवजी नाहीत, त्यांच्या जोडीला.

एअर बॅग म्हणजे तुमचं नशीब. पायांनी वजन घेतलं की बॅगांमधली हवा थोडी सोडा, ट्रकच ट्रेलरखालून खाली बसतो. तबकडी घासायचा प्रश्नच नाही. मात्र ट्रकला स्वतःहून उंची सांभाळणारं एअर सस्पेन्शन असेल तर ते आधी बंद करा. नाहीतर तुम्ही ट्रेलर उचलताय आणि ट्रक त्याची पाठ सोडत नाही, असा खेळ चालतो.

जुनाडायवर

ट्रेलरवर बावीस वर्षं काढली. आमच्यात पुढच्या इंजिनाच्या भागाला घोडा म्हणतात. घोडा सोडायचा आणि घोडा लावायचा. तुमचा पिकअप म्हणजे शिंगरू म्हणा, पण पिन तीच, २ इंची, आणि तत्त्व तेच. बैलगाडीचे बैल सोडण्याआधी पुढे टेकू देतात की नाही? टेकू आधी, बैल नंतर. त्याच्यापुढे यात काही नवीन नाही.

ताईंनी सांगितलं त्यात माझी एक भर. जबडा उघडला म्हणून सरळ ट्रक घेऊन निघून जायचं नाही. वीतभर, फार तर हातभर पुढे घ्यायचा आणि थांबायचं. हँडब्रेक लावून खाली उतरायचं. पिन खाचेतून बाहेर आलेली असते पण तबकडीचा पुढचा... चुकलो, मागचा भाग अजून ट्रेलरच्या पत्र्याखाली असतो. पाय खचले, एखादा दुमडला, तरी ट्रेलर तबकडीवर येऊन बसेल, जमिनीवर नाक घासणार नाही. पाय बघायचे, फळ्या बघायच्या, ठोकळे बघायचे, वायर कुठे गुंतली नाही ना बघायचं. मग पुढे.

आणि ज्यांच्या पायांना आतला सरकता भाग असतो त्यांनी त्याची खिटी भोकात पूर्ण बसली आहे का ते बोटाने चाचपायचं. डोळ्याला बसल्यासारखी दिसते. माझ्यासोबतच्या एका पोराची बसली नव्हती. घोडा निघाला तसा ट्रेलर एका गुडघ्यावर आला, सावकाश, म्हातारा माणूस बसतो तसा. कोणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून तो पोरगा प्रत्येक खिटीला लाथ मारून बघायचा.

ट्रक आणि ट्रेलरच्या मधे, पिनखाली, कोणी उभं राहायचं नाही. बायको, पोरं, शेजारचे आजोबा, कोणी नाही. दिशा दाखवायची तर डायवरच्या बाजूला लांब, आरशात दिसेल असं.

वळणावळणाने

मूळ प्रश्नातला पाचव्या चाकाचा भाग सगळ्यांनी गाळला म्हणून मी घेतो. हे नाव घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळातलं आहे. चार चाकी बग्गी वळवायची तर पुढचा आस फिरला पाहिजे. त्यासाठी आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं लोखंडी कडं बसवत. जमिनीला न लागणारं, आडवं पडलेलं, म्हणून पाचवं चाक. १९१४ साली डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकूड-व्यापाऱ्याची बोट वाहून नेण्यासाठी फोर्डच्या मोटारीला मागे जोडता येईल अशी गाडी बनवली आणि तिला सेमी-ट्रेलर हे नाव पडलं. पुढे ग्लेन कर्टिस, विमानं बनवणारे तेच, त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी एअरोकार नावाचा राहता ट्रेलर काढला. त्याची जोडणी मोटारीच्या पाठीमागे आडव्या बसवलेल्या विमानाच्या टायरमध्ये होती, धक्के बसू नयेत म्हणून. म्हणजे तिथे खरोखरच एक पाचवं चाक होतं, टायरसकट.

ठोकपीट

छान माहिती, पण त्या टायरमध्ये पिन अडकली की कर्टिससाहेब काय करत असतील? हातोडा!

आणि ताई, तुमचं सगळं मान्य, तरी एक सांगा. सपाट जागेवर, ठोकळे घट्ट, वजन पायांवर, रिव्हर्सने मोकळीक दिलेली, आणि तरीही माझं हँडल अडतं. मग?

चाकांवरचंघर

मग तुमचा जबडा घाण आहे. शेवटचा कधी साफ केलात? सहा वर्षांत ग्रीसवर धूळ बसून तिचं खडबडीत पीठ झालेलं असणार. जुनं ग्रीस खरवडून काढा, जबडा आणि कडीचे सांधे धुऊन कोरडे करा, नवीन वंगण लावा, आणि ट्रेलर नसताना रिकामं हँडल दहा वेळा उघडून मिटून बघा. पिनवर प्लास्टिकची चकती घालणाऱ्यांना वाटतं आता ग्रीस नकोच. तबकडीवर नको, खरंय. जबड्याला लागतंच.

हातोड्याबद्दल माझं म्हणणं एवढंच की ठोकल्यावर सुटलं याचा अर्थ ते दाबाखाली सुटलं. त्या क्षणी ट्रक किंवा ट्रेलर उडी मारतो आणि तुमचा हात तिथेच असतो.

ठोकपीट

साफ केला. दोन वाट्या काळी खळ निघाली. हँडल आता बायकोसुद्धा ओढते, हे लिहायला नको होतं पण तिनेच लिहायला लावलंय. हातोडा हौद्यातच आहे, तंबूच्या खुंट्यांसाठी.

हळूहळूचला

ब्रेकअवेच्या केबलवर ताईंनी अर्धीच ओळ लिहिली, तेवढ्यावर सोडू नका. मी ती विसरलोय, म्हणून सांगतो. वायर काढली, फाळका पाडला, पाय उतरवले, हँडल ओढलं, ऐटीत पुढे निघालो. केबल ट्रकलाच अडकवलेली. ताण आला, ट्रेलरच्या डबीतली खुंटी उपटली गेली आणि ट्रेलरच्या सगळ्या ब्रेकांनी चाकं आवळून धरली. ती डबी नेमकी त्यासाठीच असते: रस्त्यात ट्रेलर निसटला तर त्याने स्वतःच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ब्रेक लावून थांबावं. उभ्या ट्रेलरला काही होत नाही म्हणून मला कळलंच नाही. केबल लोंबतेय, एवढंच दिसलं, गुंडाळून ठेवली. सकाळी उठलो तर दिवे नाहीत, पाण्याचा पंप नाही, पाय वर घ्यायला मोटर नाही. रात्रभर ब्रेकांनी बॅटरी पिऊन टाकलेली. पाय हाताने हँडल मारून उचलले, प्रत्येक इंचाला घाम.

काही लोक ती खुंटी मुद्दाम काढून पार्किंग ब्रेकसारखी वापरतात असं ऐकलंय. कृपा करून नको.

खडखडगाडी

या शनिवार-रविवारी पुन्हा गेलो होतो. अहवाल देतो.

जागा पुन्हा मागे उतरती निघाली, मी मुद्दाम बदलून घेतली नाही. फळ्या पायांखाली. ठोकळे हाताने दाबून, गुडघे चिखलात. ट्रकमध्ये बसलो, रिव्हर्स, पाय सैल, आणि तो "टक्" आला. ताई, तो खरंच पाठीला कळतो. हँडब्रेक, न्यूट्रल, पाय सोडला, हलला नाही, पार्क. पाय उतरवत ट्रकच्या चाकाकडे बघत बसलो. आधी काहीच होत नव्हतं, मोटर नुसती गुरगुरत होती, आणि मग कमान हळूहळू टायरपासून वर जायला लागली. मी चार बोटं घालून मोजत होतो. पाचवं बोट आत गेलं तेव्हा वाकून तबकडी बघितली. लागून होती. थांबलो. बॅगांमधली हवा सोडली, कागद सरकेल एवढी फट पडली.

हँडल दोन बोटांनी निघालं. शपथेवर सांगतो, दोन बोटांनी. बायको म्हणाली, "अडकलं का?" मी म्हटलं, "निघालं." तिला खरं वाटेना, ती येऊन बघून गेली.

वीतभर पुढे घेऊन थांबलो, उतरलो, डायवरकाकांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही खिट्यांना लाथ मारली. बशा गप्प होत्या. पायाच्या नळीवर जबडा सुटला त्या उंचीला पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली, परत जोडताना तिथवरच आणायचं म्हणून. जोडताना त्या रेघेपेक्षा बोटभर खालीच ठेवलं, ट्रक मागे येऊन ट्रेलरला जरासं उचलून आत घेईल असं. पिन उंच राहिली तर जबडा कॉलरखाली मिटल्यासारखा भासतो आणि ट्रेलर हौद्यावर पडतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं, त्याची भीती होतीच. मिटल्यावर टॉर्च मारून जबडा पिनच्या मागे बसलेला डोळ्यांनी बघितला, पाय अजून जमिनीवर असतानाच ट्रेलरचा ब्रेक दाबून धरून ट्रकने पुढे एक हलका हिसका देऊन बघितला. धरलं.

आणि मग निघायच्या वेळी ठोकळे निघेनात! मागचे दोन्ही टायर रात्रभर त्यांच्यावर रेलून बसलेले, ठोकळे असे पाचरीसारखे घुसलेत की पायाने हलत नाहीत, हाताने हलत नाहीत. ठोकपीटरावांचा हातोडा आठवला. पिन सुटली, आता हे सोडवायचं कसं ते सांगा. मी तर शेवटी एकाची दोरीच तोडली.

चाकांवरचंघर

दादा, जोडून, जबडा बघून, वायर आणि केबल लावून, हिसका देऊन झालं, पाय वर घेतले, की पुढचे ठोकळे काढा, ट्रकमध्ये बसा आणि ट्रेलर टायरच्या अर्ध्या वळशाइतका पुढे ओढा. थांबा, हँडब्रेक लावा, उतरा. मागचे ठोकळे मोकळे पडलेले असतील, उचलायचे फक्त.

दोरी मात्र नवीन लावा, आणि लाल रंगाची. म्हणजे निघताना आरशात दिसते.